व्हिडिओहब ४०×४० १२जी: एका राउटरमध्ये अनेक विभाग, एक परीक्षण

ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीच्या व्हिडिओहब ४०×४० १२जी या राउटरविषयी, म्हणजे आलेले चित्र-सिग्नल हवे तिकडे वळवणाऱ्या यंत्राविषयी, बोलताना बहुतेक जण त्याची किंमत, १२जी-एसडीआयची (एसडीआय म्हणजे व्यावसायिक व्हिडिओ केबलमधून नेण्याची पद्धत, १२जी हा तिचा वेगवान प्रकार) क्षमता आणि समोरच्या पडद्यावर दिसणारे चित्र यांविषयीच बोलतात. हे परीक्षण मात्र एकाच प्रश्नापुरते मर्यादित आहे. एकाच चौकटीतून, म्हणजे राउटरच्या एकाच पेटीतून, दोन स्टुडिओ, एक मास्टर कंट्रोल रूम (जेथून अंतिम प्रसारण सुटते ती खोली) आणि बाहेरून येणारे उपग्रह व ओबी व्हॅनचे (बाहेरच्या चित्रीकरणाच्या गाडीचे) सिग्नल चालवायचे असतील, आणि या सर्वांनी एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करू नये अशी अपेक्षा असेल, तर हा राउटर त्यासाठी कितपत साथ देतो? प्रसारणाच्या भाषेत यालाच सिग्नलचे पार्टिशन करणे म्हणतात. मोठ्या राउटरांच्या संरचनेत ही पायरी टाळता येत नाही. व्हिडिओहबमध्ये मात्र ती पायरीच नाही. ही उणीव काही ठिकाणी फायद्याची ठरते, तर काही ठिकाणी चांगलीच महागात पडते.

आधी मोठ्या राउटरमध्ये पार्टिशन कशासाठी लागते ते पाहू. एकाच चौकटीत एसडीआय, एईएस व माडी (या दोन डिजिटल ध्वनीच्या जोडण्या) आणि क्वचित अ‍ॅनालॉग अशी वेगवेगळ्या प्रकारची कार्डे बसवलेली असतात. नियंत्रण कार्डाच्या दृष्टीने या सर्व जोडण्या म्हणजे नुसते क्रमांक असतात. १ ते १४४ या क्रमांकांचे इनपुट चित्राचे आहेत आणि त्यानंतरचे ध्वनीचे आहेत, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ते सांगितले नाही, तर एईएसचा सोर्स एसडीआयच्या आउटपुटकडे पाठवण्याची आज्ञा नियंत्रण यंत्रणा बिनतक्रार स्वीकारते आणि पडद्यावर काळोख दिसतो. म्हणून प्रत्येक प्रकारच्या सिग्नलसाठी एक विभाग आखतात, त्याला लेव्हलचा, म्हणजे त्या सिग्नल-थराचा, क्रमांक देतात आणि विभागाची सुरुवात व शेवट ठरवतात. प्रत्यक्ष जोडणी २५ वी असली तरी त्या विभागातील ऑपरेटरला ती १ म्हणून दिसावी, यासाठी क्रमांकांचे अंतरही नोंदवतात. चौकटीच्या संरचनेत दिलेला लेव्हलचा क्रमांक आणि नियंत्रण यंत्रणेत दिलेला क्रमांक तंतोतंत जुळावा लागतो. नव्या उभारणीत हमखास चुकणारी जागा हीच, कारण दोन्ही संरचना बहुधा वेगवेगळी माणसे करतात.

व्हिडिओहबमध्ये हा सगळा खटाटोप उरत नाही, कारण ४० इनपुट आणि ४० आउटपुट अशा सर्व जोडण्या एसडीआयच्याच आहेत. १,६०० क्रॉसपॉइंटची (इनपुट-आउटपुटच्या संभाव्य जोड्यांची) एकच सलग मॅट्रिक्स आणि तिच्यात कोणताही इनपुट कोणत्याही आउटपुटकडे, एवढाच हिशोब. २७० मेगाबिटचा एसडी, १.४८५ गिगाबिटचा एचडी, २.९७ गिगाबिटचा ३जी आणि ११.८८ गिगाबिटचा १२जी हे सर्व सिग्नल एकाच वेळी शेजारी-शेजारी चालतात, आणि राउटर प्रत्येकाला त्याच्या वेगाप्रमाणे रिक्लॉक करून, म्हणजे त्याचा ताल पुन्हा नीट करून, पुढे पाठवतो. पेटीतून काढून वीज व केबल जोडल्यावर राउटिंग लगेच सुरू होते. ज्यांनी मोठ्या हायब्रिड राउटरच्या (चित्र आणि ध्वनी दोन्ही वेगवेगळे वळवणाऱ्या राउटरच्या) संरचनेत दिवसच्या दिवस घालवले आहेत, त्यांना हा साधेपणा सुखद वाटेल यात शंका नाही.

मात्र सर्व जोडण्या एसडीआयच्या असल्या, तरी सर्व सिग्नल एकसारखे नसतात. राउटर वेग ओळखतो, पण फॉरमॅट बदलून देत नाही. युएचडी (एचडीच्या चौपट बारकाव्याच्या) कॅमेऱ्याचा २१६०पी५० सिग्नल केवळ १०८०आय५० हा एचडी फॉरमॅट समजणाऱ्या एन्कोडरकडे (प्रसारणासाठी सिग्नल आकुंचित करणाऱ्या यंत्राकडे) वळवला, तर राउटरच्या दृष्टीने काम यशस्वी झालेले असते आणि एन्कोडरच्या दृष्टीने सिग्नल नाहीसा झालेला असतो. मोठ्या नियंत्रण यंत्रणांत युएचडी आणि एचडी अशा दोन गटांतील जोडणी मनाई करून बंद करता येते. व्हिडिओहबवर तशी मनाई नाही, म्हणून लेबलांवरच विसंबावे लागते. प्रत्येक इनपुट व आउटपुटच्या नावाच्या सुरुवातीलाच फॉरमॅट लिहिणे, म्हणजे ‘युएचडी कॅम १’, ‘एचडी सॅट २’ असे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. पुढच्या पॅनेलवरील छोट्या पडद्यावर ही लेबले आणि सोर्सचे चित्र दोन्ही दिसतात, ही सोय अशा वेळी खरोखर उपयोगी पडते. केबलचाही विचार येथेच करावा. ३जी सिग्नल ज्या लांबीपर्यंत निर्धास्त जातो, त्याच्या बऱ्याच कमी लांबीत १२जी दम तोडतो. त्यामुळे युएचडीचा विभाग कागदावर आखताना तो राउटरच्या जवळच्या उपकरणांसाठीच राखून ठेवणे शहाणपणाचे आहे.

ध्वनीकडे वळलो की या राउटरची मर्यादा स्पष्ट होते. एसडीआयच्या प्रवाहात चार-चार चॅनेलचे चार गट, म्हणजे एकूण सोळा ध्वनी-चॅनेल चित्रासोबत बसवलेले असतात. व्हिडिओहब त्यांना हात लावत नाही. चित्र जिकडे जाईल तिकडे त्यातील सोळाही चॅनेल जातात. याचा एक मोठा फायदा आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. ध्वनीत डॉल्बी ई (अनेक ध्वनी-चॅनेल एका जोडीत दाबून नेण्याची पद्धत) असेल, तर तो बिटनबिट अखंड पोहोचावा लागतो. मधे कुठे सॅम्पल रेट बदलणारे यंत्र आले, किंवा ध्वनीची पातळी डेसिबलच्या दशांशाने जरी बदलली, तरी डीकोडरला त्याचा अर्थ लागत नाही. ध्वनी उघडणाऱ्या हायब्रिड राउटरमध्ये अशा चॅनेलसाठी रेट-कन्व्हर्टर बंद ठेवण्याची नोंद विभागनिहाय, कधीकधी चॅनेलनिहाय करावी लागते, आणि ती राहून गेली तर दोष सापडेपर्यंत नाकीनऊ येतात. व्हिडिओहबवर हा प्रश्नच उद्भवत नाही.

तोटा तितकाच मोठा आहे. मराठी समालोचन एका चॅनेल-जोडीवर, हिंदी दुसऱ्या आणि मैदानाचा आवाज तिसऱ्या जोडीवर अशी रचना असलेला फीड आला, आणि एका आउटपुटला चित्रासोबत मराठी तर दुसऱ्याला त्याच चित्रासोबत हिंदी पहिल्या जोडीवर हवी असेल, तर हा राउटर ते करू शकत नाही. ध्वनी चित्रापासून तोडून स्वतंत्र वळवणे, ज्याला ब्रेकअवे म्हणतात, ते येथे नाही. हायब्रिड राउटरमध्ये प्रत्येक एसडीआय इनपुटमधून सोळा चॅनेल सुटे करून वेगळ्या मॅट्रिक्समध्ये टाकतात. ४० इनपुटांचे ६४० चॅनेल होतात आणि तितक्याच आउटपुट-चॅनेलांसह ही मॅट्रिक्स ४,०९,६०० जोड्यांची होते. चित्राच्या १,६०० क्रॉसपॉइंटशी तुलना केली की ध्वनीच्या विभागाची संरचना इतकी किचकट का होते हे लक्षात येते, आणि तशा राउटरची किंमत इतकी जास्त का असते याचाही थोडाफार उलगडा होतो. स्टीरिओ जोड्या धरायच्या की सुटे मोनो चॅनेल, एईएसचा विभाग घड्याळाशी बांधलेला ठेवायचा की मुक्त, हे निर्णय त्या संरचनेत आधीच घ्यावे लागतात. मुक्त विभागात एईएसची जोडी जशीच्या तशी जाते, पण बदलताना खट्ट असा आवाज येऊ शकतो. बांधलेल्या विभागात डावा-उजवा वेगळा करता येतो, पण प्रत्येक सोर्स एकाच संदर्भ-घड्याळाशी जुळलेला असावा लागतो.

व्हिडिओहबसोबत ध्वनीचा विभाग हवाच असेल, तर बाहेरून एम्बेडर आणि डीएम्बेडर (चित्रात ध्वनी बसवणारे आणि त्यातून काढणारे यंत्र) लावणे हा एक मार्ग उरतो. काही इनपुट व आउटपुट केवळ ध्वनीसाठी राखून ठेवायचे, ध्वनी काळ्या चित्रावर बसवून राउटरमधून न्यायचा आणि पलीकडे पुन्हा वेगळा काढायचा. युक्ती जुनी आहे आणि चालते. मात्र अशी दहा-बारा जोडण्यांची सोय करावी लागली, तर ४० पैकी चौथा हिस्सा चित्राविना खर्ची पडतो, आणि कन्व्हर्टरांच्या वीजजोडण्यांचे जाळे मागे वाढत जाते ते वेगळेच. तीन-चार जोडण्यांपुरती ही युक्ती ठीक. त्यापुढे ध्वनी-राउटर किंवा माडीच्या जोडण्या असलेला मिक्सर घेणे अधिक सरळ.

आता विभागणीच्या मुख्य प्रकाराकडे, म्हणजे कोणी कशाला हात लावावा याकडे येतो. व्हिडिओहबवर दोन स्टुडिओंमधली सीमा सोसायटीच्या आवारातील पार्किंगच्या रेघांसारखी असते. रेघ दिसते, पण गाडी अडवणारे काही नसते. या रेघा तरी नीट आखाव्यात, म्हणून एक क्रम सुचवतो. इनपुट १ ते १२ पहिल्या स्टुडिओला, १३ ते २४ दुसऱ्याला, २५ ते ३२ दोघांना सामायिक अशा उपग्रह व बाहेरच्या फीडना, ३३ ते ३६ कलर बार, काळे चित्र आणि स्लेट (माहितीची पाटी) यांना द्यावेत, आणि शेवटचे चार मोकळे ठेवावेत. आउटपुटही शक्यतो त्याच पट्ट्यांत बसवावेत. पहिल्या स्टुडिओत कॅमेरे नऊच असले, तरी १० ते १२ हे क्रमांक दुसऱ्याला देऊ नयेत. आज भरलेली मोकळी जागा उद्या नवीन कॅमेरा आल्यावर दुसऱ्याच्या पट्ट्यात शिरते, आणि मग कोणती जोडणी कोणाची हे फक्त एका जुन्या अभियंत्याला ठाऊक असते.

ही आखणी राबवण्यासाठी कंपनी तीन गोष्टी देते. पहिली म्हणजे संगणकावरचे मोफत नियंत्रण सॉफ्टवेअर, ज्यात त्या जागेपुरत्या निवडक सोर्स (इनपुट) व डेस्टिनेशनची (आउटपुटची) बटणे मांडता येतात. दुसरी म्हणजे वेगळे मिळणारे बटणांचे पॅनेल. ते एकाच डेस्टिनेशनसाठी किंवा अनेक डेस्टिनेशनसाठी लावता येते आणि कोणत्या बटणावर कोणता सोर्स हे आपण ठरवतो. दुसऱ्या स्टुडिओच्या टेबलावरील पॅनेलवर पहिल्याचे कॅमेरे ठेवलेच नाहीत, तर तेथील ऑपरेटर ते चुकूनही दाबू शकत नाही. व्यवहारात हे पुष्कळदा पुरेसे होते आणि माझ्या मते या राउटरच्या विभागणीचा खरा कणा हे पॅनेलच आहे. राउटरच्या स्वतःच्या तोंडावरील बटणांतून मात्र संपूर्ण मॅट्रिक्स हाताळता येते. ती चौकट सर्वांच्या वाटेत असलेल्या रॅकमध्ये बसवू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे डेस्टिनेशनला लावायचे कुलूप. मोठ्या यंत्रणांत सहसा दोन प्रकारचे संरक्षण असते. एकात मालकाखेरीज कोणीही ते डेस्टिनेशन बदलू शकत नाही, तर दुसऱ्यात कुलूप उघडेपर्यंत खुद्द मालकही बदलू शकत नाही. व्हिडिओहबवर एकच प्रकार आहे आणि त्याची मालकी ठरते ती आज्ञा कोणत्या आयपी पत्त्यावरून आली त्यावरून, माणसावरून नव्हे. कंपनीने जाहीर केलेल्या नियंत्रण-प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक आउटपुटसाठी ‘ओ’ म्हणजे माझ्या पत्त्यावरून लावलेले, ‘एल’ म्हणजे दुसऱ्याने लावलेले आणि ‘यू’ म्हणजे उघडे, अशी स्थिती कळते. शिवाय ‘एफ’ हे अक्षर पाठवून कोणाचेही कुलूप जबरदस्तीने उघडता येते.

याचे दोन परिणाम ध्यानात घ्यावेत. नेटवर्कवर पत्ते आपोआप वाटले जात असतील आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर त्याला नवा पत्ता मिळाला, तर स्वतःच लावलेले कुलूप परक्याचे दिसू लागते. म्हणून राउटरशी बोलणाऱ्या प्रत्येक संगणकाला व पॅनेलला कायमचा पत्ता द्यावा. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. अलीकडे अनेक ठिकाणी बिटफोकस कम्पॅनियन हे मुक्त सॉफ्टवेअर एका संगणकावर चालवून त्यालाच सगळी बटणे जोडलेली असतात. अशा वेळी पहिल्या स्टुडिओचे बटण आणि दुसऱ्याचे बटण दोन्ही राउटरला एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात, दोघेही मालक ठरतात आणि कुलपाला काही अर्थ उरत नाही. कम्पॅनियन वापरायचेच असेल, तर विभागणीचे नियम त्यातच बसवावेत किंवा प्रत्येक स्टुडिओसाठी वेगळा संगणक ठेवावा.

हा प्रोटोकॉल मात्र या राउटरचा सर्वांत आवडलेला भाग आहे, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. नेटवर्कवरून टीसीपीच्या (संगणकांच्या नेहमीच्या संवाद-पद्धतीच्या) ९९९० क्रमांकाच्या पोर्टला जोडले की राउटर स्वतःहून आपली ओळख, इनपुट व आउटपुटची लेबले, कुलपे आणि सध्याचे सर्व मार्ग साध्या मजकुरात पाठवतो. मार्ग बदलायचा असेल, तर ‘व्हिडिओ आउटपुट राउटिंग’ असे शीर्षक, त्याखाली आउटपुट आणि इनपुटचा क्रमांक आणि शेवटी एक कोरी ओळ एवढे पाठवायचे. आज्ञा कळली की उत्तर ‘एसीके’ येते, नाही तर ‘एनएके’. एका आज्ञेत अनेक ओळी देता येतात, त्यामुळे चार ३जी केबलींवरून येणारे जुन्या पद्धतीचे युएचडी चित्र एकत्र हलवायचे असेल तर चारही जोड्या एकाच संदेशात जातात. क्रमांक शून्यापासून सुरू होतात हे तेवढे ध्यानात ठेवावे. राउटरच्या पाठीवरील १ हा येथे ० असतो, आणि वर सुचवलेला दुसऱ्या स्टुडिओचा १३ ते २४ हा पट्टा प्रोटोकॉलमध्ये १२ ते २३ होतो.

थोडेफार प्रोग्रामिंग येणाऱ्या अभियंत्याने राउटर आणि पॅनेल यांच्यामध्ये एक छोटा मध्यस्थ प्रोग्राम बसवला, तर मोठ्या राउटरमधील विभागणी जवळजवळ जशीच्या तशी उभी करता येते. कोणत्या पत्त्यावरून कोणते आउटपुट बदलता येतील याची यादी ठेवायची, यादीबाहेरची आज्ञा नाकारायची, दुसऱ्या स्टुडिओला त्याचे क्रमांक १ पासून दिसावेत म्हणून बारा मिळवायचे किंवा वजा करायचे, आणि युएचडी सोर्स एचडी आउटपुटकडे जाऊ द्यायचा नाही. हे काम फार मोठे नाही. ते करण्याची मुभा कंपनीने प्रोटोकॉल खुला ठेवून दिली आहे, ही गोष्ट या किमतीच्या उपकरणात दखल घेण्यासारखी आहे.

त्याच खुलेपणाची दुसरी बाजू अशी की या पोर्टवर परवलीचा शब्द विचारला जात नाही. नेटवर्कवरचा कोणताही संगणक तेथे जोडून थेट प्रक्षेपणाचे आउटपुट बदलू शकतो. त्यामुळे विभागणीचा शेवटचा भाग राउटरमध्ये नव्हे, नेटवर्क-स्विचमध्ये करावा लागतो. राउटर आणि त्याची पॅनेले एका वेगळ्या व्हीलॅनवर (स्विचमध्ये आखलेल्या स्वतंत्र आभासी नेटवर्कवर) ठेवावीत, ९९९० पोर्ट फक्त मध्यस्थ संगणकाला खुला ठेवावा, आणि कार्यालयाच्या वाय-फायवरून या व्हीलॅनकडे कोणताही मार्ग नसावा. स्विच हाताळणारा माणूस आणि राउटर हाताळणारा माणूस वेगळा असेल, तर दोघांनी हे एका कागदावर लिहून काढावे.

संदर्भ सिग्नलच्या बाबतीत फार लिहिण्यासारखे नाही, पण एक मर्यादा सांगायला हवी. चित्र न फुटता मार्ग बदलायचा, तर तो उभ्या अंतरात, म्हणजे दोन चित्रांमधल्या न दिसणाऱ्या ओळींत, ठरावीक ओळीवर बदलावा लागतो: ६२५ ओळींच्या एसडीसाठी सहाव्या आणि १०८०साठी सातव्या ओळीवर. व्हिडिओहबला ब्लॅकबर्स्ट किंवा ट्राय-लेव्हल संदर्भ (सर्व यंत्रांना एकच ताल देणारा सिग्नल) दिला की तो हे सांभाळतो. मात्र हा संदर्भ संपूर्ण मॅट्रिक्ससाठी एकच असतो. आपल्याकडील ५० हर्ट्झचे काम आणि परदेशी ग्राहकासाठीचे ५९.९४ हर्ट्झचे काम एकाच चौकटीत शेजारी चालवणाऱ्या पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओला दुसऱ्या प्रकारच्या सिग्नलमध्ये स्वच्छ बदलाची खात्री मिळणार नाही. तेथे विभागनिहाय संदर्भ निवडता येणारा राउटर घ्यावा, किंवा सरळ २०×२०चे दोन लहान व्हिडिओहब घेऊन प्रत्येकाला आपापला संदर्भ द्यावा. हा दुसरा पर्याय मला अनेक ठिकाणी अधिक पटतो. दोन वेगळ्या पेट्या हेच सर्वांत पक्के पार्टिशन असते, आणि दोघांमध्ये दोन-चार टाय-लाइन (एका राउटरमधून दुसऱ्यात जाणाऱ्या केबली) टाकल्या की देवाणघेवाणही थांबत नाही. टाय-लाइन वापरात आहे की मोकळी आहे हे मात्र कोणीतरी हाताने पाहावे लागते. मोठ्या नियंत्रण यंत्रणेत ते आपोआप होते.

सिग्नल आयपीवर, म्हणजे संगणकी नेटवर्कवरून, नेणाऱ्या एसटी २११० पद्धतीत चित्र, ध्वनी आणि पूरक माहिती मुळातच वेगवेगळ्या प्रवाहांत जातात, आणि तेथे पार्टिशनचा प्रश्न मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवण्याच्या) पत्त्यांच्या वाटपाकडे सरकतो. तो वेगळा विषय आहे. पण आज एसडीआय घेणाऱ्याने उद्याच्या भीतीने हात आखडता घ्यावा असे मला वाटत नाही.

खरेदीच्या दृष्टीने पाहता, ज्यांचे सर्व सिग्नल ध्वनी बसवलेले एसडीआय आहेत, ज्यांचे ऑपरेटर एकमेकांना ओळखतात आणि ज्यांच्याकडे लेबले व पत्ते शिस्तीने सांभाळणारा एक तरी अभियंता आहे, त्यांनी हा राउटर निःशंक घ्यावा. अनेक भाषांचे ध्वनी सुटे हलवणाऱ्या क्रीडा किंवा बहुभाषिक वाहिनीने त्याच्या किमतीला भुलू नये. आणि ४० वरून पुढे १२०च्या चौकटीकडे जाण्याची शक्यता दिसत असेल, तर वरचे पट्टे पहिल्यापासून २० किंवा ४०च्या पटीत आखता येतात का ते पाहावे. तसे केल्यास नव्या चौकटीत जुने क्रमांक तसेच राहतात, आणि मध्यस्थ प्रोग्राममधील यादीत फक्त नव्या ओळी जोडाव्या लागतात.